अठरा कलदार

नाणी जमवणाऱ्या माणसाइतका निरुपद्रवी, आणि तरीही घरच्यांना असह्य होणारा, प्राणी दुसरा नसेल. आमच्या गारखेड्याच्या घरात कपाटाचा एक कप्पा गेली पन्नास वर्षे माझ्या नाण्यांनी अडवला आहे. दिवाळीपूर्वी घर आवरायला काढले, की त्यावरून आमच्या सौभाग्यवतींचे आणि माझे हटकून वाजते. पण या नादापायी खरे भांडण मी एकदाच केले, आणि तेही आईशी.

ते 1973 साल. ताईचे लग्न ठरले होते आणि आदल्या वर्षीच्या दुष्काळाने घरात काही शिल्लक ठेवले नव्हते. आईच्या ट्रंकेत मात्र एका पुरचुंडीत 19 कलदार होते. आजोबांच्या वेळी गारखेडा हे शहराबाहेरचे खेडे, आणि मुलूख निजामाचा. व्यवहार चारमिनार छापाच्या हाली रुपयात चाले. पण साठवायचा तो इंग्रजी कलदार, कारण त्यात चांदी जास्त. आजोबांनी जालन्याच्या मोंढ्यात कापूस विकून ते गाठीला मारले होते. सारे पंचम जॉर्जच्या छापाचे, 1918 सालचे. आईने त्यांतले 18 सराफाकडे नेऊन मोडले आणि ताईसाठी पैंजण व जोडवी घडवून आणली.

मला तेव्हा नाण्यांचा नाद नुकताच लागला होता. "आई, तू इतिहास वितळवलास!" मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "अरे, पोरीच्या पायात इतिहास घालता येत नाही." उरलेला एक रुपया तिने लक्ष्मीपूजनासाठी ठेवला. मी आठ दिवस तिच्याशी धड बोललो नाही. आणि घरात लग्न!

गेल्या उन्हाळ्यात ताईचा मुलगा अमेरिकेहून आला. "मामा, हे तुमच्यासाठी," म्हणत त्याने माझ्या तळहातावर एक जाडजूड नाणे ठेवले. 1882चा चांदीचा डॉलर! एका अंगाला स्वातंत्र्यदेवीचे मुख, दुसऱ्या अंगाला गरुड, आणि त्याखाली कार्सन सिटीच्या टांकसाळीची दोन अक्षरे. नेवाडाच्या ओसाड डोंगरात 1859 साली कॉमस्टॉकची चांदी सापडली, माणसे धावली, गावे उठली. आणि त्या खाणींजवळच 1870 साली ही टांकसाळ उघडली.

मी हरखून पुस्तके धुंडाळू लागलो आणि एका पानावर थबकलो. महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली, हिंदुस्थानात रुपयांचाच दुष्काळ पडला. लोकांचा नोटांवर विश्वास नव्हता. जो तो नोट पुढे करून चांदी मागू लागला. सरकारी खजिना तळाला गेला. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यांतल्या जवळजवळ 26 कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानचे रुपये पाडण्यासाठी. कोणत्या सालचे, कोणत्या टांकसाळीचे डॉलर भट्टीत गेले, हे कोणी टिपूनही ठेवले नाही.

मी कागद-पेन्सिल घेतली. डॉलर 26.73 ग्रॅमचा; रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे नेमका तोळाभर. शुद्ध चांदीचा हिशेब मांडला, तर एका डॉलरचे सव्वादोन रुपये होतात. अठरा रुपयांचे आठ डॉलर! ज्यांना मी इतिहास म्हणून कवटाळत होतो, ते रुपये कदाचित असलेच आठ डॉलर मोडून घडले असतील. आईच्या आधी एका सरकारने ती चांदी वितळवली होती, आणि तीही गरजेपोटीच. शिवाय इतरांनी वितळवली, म्हणून तर आम्हा संग्राहकांच्या नाण्यांना भाव! हे सारे आईपुढे कबूल करायला हवे होते. पण तिला जाऊन वीस वर्षे झाली.

गेल्या भाऊबीजेला ताई आली. बरोबर तिची नात होती आणि नातीच्या पायात तेच पैंजण. ओवाळून झाल्यावर मी ताटात तो उरलेला कलदार ठेवला. ताई चमकली.

"अरे, हा तर आईचा! तुझ्या कपाटातला!"

"तुझाच आहे. वाटले तर मोड."

तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

माझ्या कप्प्यात आता रुपयाएवढी एक गोल खाच रिकामी आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, तिथे तो डॉलर ठेवा. ठेवून पाहिला. तो तिथे मावत नाही.