उष्णतेनें आकसणारें जलजाल

तापविलें म्हणजे वस्तु पातळ होते व निवविली म्हणजे गोठते, हा नियम घरोघरच्या मुलांस तुपावरून आणि चायनाग्रासवरून ठाऊक असतो. परंतु याच्या अगदीं उलट वागणारा एक पदार्थ रसायनशास्त्रज्ञांनीं सिद्ध केला आहे. त्याचें पॉलि-एन-आयसोप्रोपिलॅक्रिलअमाइड हें नांव आमच्या जिभेस वळत नाहीं. म्हणून संस्कृताच्या जुन्या संवयीनें त्याच्या जेलीस आम्ही ‘जलजाल’ म्हणतों.

सब्जाचें बीं फुगतें तसें हें जाल पाणी धरून फुगतें. त्याच्या रेणूंच्या लांब सांखळ्यांचे कांहीं भाग पाण्याशीं सख्य करणारे, तर कांहीं पाण्यास टाळणारे असतात. सुमारें ३२ अंश सेल्सियसच्या खालीं सख्य वरचढ ठरतें. पारा त्यावर चढला कीं तें तुटतें, पाणी बाहेर पडतें व जाल आकसतें. वैशाखांत आमच्या डोलवीच्या ओटीवर ठेवलें, तर तें दुपारीं आकसेल आणि पहाटे पुन्हां फुगेल! हा गुण हेस्किन्स व गिलेट यांनीं १९६८ सालीं वर्णिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतही डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांचे सहकारी यांनीं अशा जेलींचा अभ्यास केला.

आमचें या विषयाकडे लक्ष वेधण्यास घरचें कारण आहे. आमचे धाकटे बंधु ९ वर्षांचे असतां विड्याच्या चुन्याची डबी उघडतांना चुना त्यांच्या उजव्या डोळ्यांत उडाला. डॉक्टर गांठेपर्यंत दोन प्रहर उलटले. डोळा कायमचा गेला. बुबुळावरील पारदर्शक पडदा नित्य नवा राखणाऱ्या पेशी त्याच्या कडेस असतात. चुन्यानें त्या जळाल्या, म्हणजे दुसऱ्याचा पडदा बसविला तरी तो टिकत नाहीं.

येथें जलजाल उपयोगी पडतें. जपानांतील प्रा. तेरुओ ओकानो यांनीं बशीच्या तळास त्याचा अतिसूक्ष्म थर दिला. देहाच्या उबेंत, ३७ अंशांवर, पेशी त्यास चिकटून वाढतात. २० अंशांपर्यंत निवविल्या, कीं थर पाणी पितो आणि पेशींचा अखंड पापुद्रा आपोआप सुटतो. एरव्हीं तो पाचक द्रव्यांनीं सोडवावा लागे व विस्कटून जाई. २००४ सालीं ओसाका येथील कोहजी निशिदा प्रभृतींनीं दोन्ही डोळ्यांच्या कडेच्या पेशी गमावलेल्या ४ रोग्यांच्या तोंडाच्या अस्तरांतील पेशी अशा वाढवून टांक्यावांचून डोळ्यांवर बसविल्या. चौघांचीही दृष्टि सुधारली. जलजाल मात्र बशींतच राहतें; तें शरीरांत विरून जाणारें नसल्यानें हा मोठाच लाभ होय.

हें आम्ही बंधूंस वाचून दाखविलें. ते क्षणभर स्तब्ध राहिले व म्हणाले, “दादा, माझें एका डोळ्यावर निभावलें. पण चुन्याची डबी अजून फडताळाच्या खालच्या कप्प्यांतच असते, ती आधीं वर ठेवायला सांगा.” त्याच सायंकाळीं ती वर गेली.

वाचकांनींही आपल्या घरीं एवढें करावें. चुना डोळ्यांत गेलाच, तर डोळा चोळूं नये, तूप वा मध घालूं नये. तत्काळ स्वच्छ पाण्याची धार धरावी, ती अर्धा तास सोडूं नये, आणि मग नेत्रवैद्याकडे धांव घ्यावी. ओसाका दूर आहे. पाण्याचा तांब्या हाताशीं आहे.