एकेचाळीस चित्रे

चित्रपटाला आपण हलते चित्र म्हणतो. खरे पाहता फिल्मवरील एकही चित्र हलत नाही. सुपर-८ च्या पन्नास फुटी रिळात अशी ३,६०० स्थिर चित्रे असतात. सेकंदाला १८ या वेगाने हा खेळ ३ मिनिटे २० सेकंदांत आटोपतो.

असे एक रीळ आजीच्या ट्रंकेत होते. आजोबा ज्यांच्याकडे मोटार चालवीत, त्यांच्या घरच्या लग्नाचे. आजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, त्याला मंद मोटर आणि एलईडी दिवा बसविला, मित्राचा कॅमेरा जोडला. अडले ते सॉफ्टवेअरपाशी. सरळ व्हिडिओ घेतला तर दोन यंत्रांची गती जुळत नाही आणि चित्र लुकलुकते; विकतचे परवडत नव्हते. अखेर लिनक्सवर चालणारे, मोफत ‘जीफोटो२’ सापडले. प्रोजेक्टरचा फेरा पुरा झाला की एक कळ दाबली जाते आणि संगणक कॅमेऱ्याला एकच फोटो घ्यायला लावतो. ‘एफएफएमपेग’ पुढे ते फोटो ओवून देते. सारी माहिती इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन रात्री बसलो.

लग्नाच्या गर्दीत ४१ चित्रांपुरता एक तरुण मोटारीचे दार उघडतो. जेमतेम सव्वादोन सेकंद!

आजी म्हणाली, “टोपी तेव्हाही वाकडीच घालायचे. पुन्हा लाव रे.”