रंग नको, वजन बघा!

कॅरॅव्हॅन एकदा गणपतीपुळ्यात ऐसपैस उभी केली, की साध्या चहासाठी ती हलवायची जिवावर येतं. म्हणून सोबत भाड्याची घडीची इलेक्ट्रिक सायकल. निवडताना मी काय बघितलं? रंग! मस्त पिवळा. वजन २४ किलो, गिअर नाहीत.

दुसऱ्या दिवशी आरे-वारे. वरून दिसणारे दोन्ही किनारे, सुरूचं बन... जाम भारी! परतीच्या चढावर मात्र बॅटरीने मान टाकली. भर दुपारी ते धूड ढकलताना हिशेब सुचला: ३६ व्होल्ट गुणिले ७ अँपिअर-अवर, म्हणजे जेमतेम २५० वॉट-अवर. सपाटीवर तीसेक किलोमीटर निघतील, पण घाटात विसरा.

पुढे स्वतःची घेताना दुकानातच घडी घातली आणि उचलून बघितली. १७ किलो, गाडीत मलाच चढवायची असते ना! गिअर आहेत, चाकं २० इंची, कारण छोटी चाकं खड्ड्यात हाडं मोजतात. बॅटरी निघते, त्यामुळे चिखलाची सायकल बाहेर आणि चार्जिंग आत. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, म्हणून लायसन्सची कटकट नाही.

रंग काळा मिळाला. चालतंय.