वाघनखास पत्र

तीर्थस्वरूप वाघनख यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. आपले पोलादी नामबंधू, म्हणजे वाघनख नावाचं ते शस्त्र, जुलै २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आले. त्यांचा थाट काय वर्णावा! आपण मात्र सोन्याची टोपी घालून कुणाच्या तरी कपाटात, जुन्या रुमालात तोंड लपवून पडलात. (रुमालाला डांबरगोळ्यांचा वास येत असेल; सोसावा.)

आपले उपकार विसरलेलो नाही. मूल झोपेत दचकलं, किरकिरायला लागलं, की आज्या आपल्याला त्याच्या गळ्यात बांधत. दोन नखं बुडाशी सोन्यात बसवून समोरासमोर जोडली की चंद्रकोर होई. वाघाला कुणाचं भय नाही, तेव्हा त्याचं नख ल्यालेल्या पोरालाही नसावं, असा साधा हिशेब. बाल कार्तिकेयाच्या मूर्तींच्या गळ्यातही आपण दिसता. देवांच्या सेनापतीलासुद्धा दृष्टीची धास्ती! आमच्या घरच्या जुन्या फोटोत काका उघडेबंब बसलेत, अंगावर फक्त आपण. पुढे ते पालीलाही घाबरत. पण तो दोष आपला नव्हे.

राग आहे तो वेगळाच. वाघाच्या पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी नखं १८. म्हणजे एका वाघाच्या जिवावर नऊच बाळं निर्धास्त. त्यात वाघीण गेली तर तिच्या बछड्यांची दृष्ट कोण काढणार, हे आपण कधी विचारलं नाहीत. आता १९७२च्या वन्यजीव कायद्याने सरकारी प्रमाणपत्राशिवाय आपल्याला नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. कैद तीन ते सात वर्षं. 'आजोबांची आठवण आहे हो' म्हणून सुटका नाही. भय घालवायला आपल्याला आणावं, तर पोलिसांचं भय दारात! आणि बाजारात शिंगं तासून केलेले तोतये आपल्या नावाने खपतात ते वेगळंच.

तेव्हा एक विनंती. कोल्हापुरी साजात चंद्र, मासा, कासव, भुंगा, नाग यांच्या पंगतीत आपलीही पानडी असते, सोन्याची. तिच्यापायी कुठल्या वाघाला ओरखडाही उठलेला नाही, आणि साज घालणारीचा विश्वास काही कमी झालेला नाही. मासा हवा म्हणून कुणी खरा मासा गळ्यात बांधत नाही. हट्ट आपल्याच बाबतीत. तो सोडावा, आणि मुक्काम कायमचा साजात हलवावा. बारशाला यायचंच असेल, तर सोनाराच्या पेढीवरून यावं, जंगलातून नको.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक पुतणी