साम्राज्याला उद्धाराची भाषा का लागते?

अमेरिका दुसऱ्यांच्या देशात का घुसते, असे अभ्यासवर्गात विचारले की आमचे तरुण एका शब्दात उत्तर देतात : तेल! आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. तेलाच्या आधी साखर होती, बाजारपेठ होती, आरमार होते. आणि या साऱ्याला सोवळे नेसवणारा वंशश्रेष्ठत्वाचा विचार होता.

१८९० च्या जकात कायद्याने हवाईच्या साखरेला मिळणारा फायदा गेला. १८९३ मध्ये मळे-व्यापाराशी हितसंबंध असलेल्या गोऱ्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. तेव्हा अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले होते. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेत सामील झाले. त्याच वर्षी क्युबाला मुक्त करण्याच्या नावाने स्पेनशी युद्ध झाले आणि तहात अमेरिकेने पोर्तो रिको, गुआम व फिलिपिन्स घेतले. फिलिपिन्ससाठी स्पेनला २ कोटी डॉलर दिले. स्वातंत्र्य जाहीर करून बसलेल्या फिलिपिनो जनतेला कोणी विचारले? कोणीच नाही. विरोध केला तेव्हा त्यांच्यावर युद्ध लादले गेले.

एम.ए.ला आम्ही आर्थिक, लष्करी, वैचारिक अशी कारणे वेगवेगळ्या रकान्यांत पाठ केली. वस्तीत काम करताना कळले की हे रकाने एकमेकांत मिसळलेले असतात. ज्याची जमीन आणि श्रम हवे असतात, त्याला आधी नालायक ठरवावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विलगीकरण वैध ठरवले आणि १९०१ मध्ये नव्या प्रदेशांना पूर्ण संविधान आपोआप लागू होत नाही असे सांगितले. म्हणजे घरात जी उतरंड, तीच समुद्रापार! हे ओळखूनच डेव्हिड फेगन हा कृष्णवर्णीय सैनिक फिलिपिनोंच्या बाजूने लढायला गेला, असे आम्ही मानतो.

कोणी म्हणेल, अमेरिकेने तिथे शाळाही काढल्या. काढल्या. परक्या राजवटीतल्या शाळांचे मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. पण शिकणाऱ्याने शाळेचे सोने केले म्हणून राज्यकर्त्याचा हेतू शुद्ध ठरत नाही.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली होती. आपला लढा जगाच्या लढ्याशी जोडण्याची ही दृष्टी आहे. म्हणून तरुणांनो, जो कोणी तुमचा उद्धार करायला येईल, त्याला आधी विचारा : निर्णय कोण घेणार?

जय भीम!