गंजीच्या आडोशाला

कॉलेजात असताना पावसाने गाठले, की आम्ही कँटीनकडे धावत असू. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजची पाच मुले १८०६ सालच्या ऑगस्टमध्ये अशीच सापडली. पण ती निघाली होती प्रार्थनेला! कॉलेजात देवाधर्माची थट्टा होई, म्हणून बिचारी बाहेर झाडीत जमत. सोबत ना प्राध्यापक, ना पाद्री. विजा कडाडू लागल्या तशी पाचही जणे गवताच्या गंजीच्या आडोशाला शिरली. (आमच्या कोकणात हिला उडवी म्हणतात.) अंग भिजलेले, आणि गोष्टी चालल्या होत्या आशिया खंडाच्या! येशूची वार्ता तिथे न्यायलाच हवी, असे सॅम्युअल मिल्सचे म्हणणे. हार्वी लूमिस तेवढा विरुद्ध. आधी ते लोक सुधारू देत, नाहीतर गेलेला माणूस जिवानिशी जाईल, असे त्याला वाटे. तरी प्रार्थना झाली.

मुलीकडे गेलो होतो, तेव्हा मुद्दाम ती जागा पाहून आलो. १८६७ साली तिथे संगमरवरी स्तंभ उभारला आहे, वर पृथ्वीचा गोल. जावईबापू घड्याळाकडे पाहत होते आणि मी मनातल्या मनात त्या पोरांशी भांडत होतो. अरे बाबांनो, आमच्यासाठी प्रार्थना करा, असे तुम्हांला सांगितले कुणी? पुण्यात तेव्हा पेशवे नांदत होते. ज्ञानेश्वर-तुकोबांचे अभंग खेड्यापाड्यांत म्हटले जात होते. आम्ही सुधारायचे राहिलो होतो म्हणे! तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

पण रागावताना आजी आडवी येते. ती नगरच्या मिशनच्या शाळेत शिकली. शाळेतून आली, की आंघोळ केल्याशिवाय तिला स्वयंपाकघरात घेत नसत. तुळशीला पाणी घातल्यावाचून तिने जन्मात कधी घास घेतला नाही. रोज दुपारी ‘हरिविजय’ वाची, तो मात्र त्या शाळेत गिरवलेल्या अक्षरांच्या बळावर. आणि ती शाळा आली कुठून? गंजीतल्या त्या बोलण्यातूनच पुढे १८१० साली अमेरिकन बोर्ड निघाले. त्याची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली, १८२४ साली तिथे त्यांनी मुलींची शाळा काढली, १८३१ साली ती नगरला पोचली. ‘ज्ञानोदय’ १८४२ चा.

त्या पाचांपैकी आशियात येऊन राहिला तो एकटा जेम्स रिचर्ड्स, तोही सिलोनात. लूमिस मायदेशीच धर्मोपदेशक झाला. मुंबईस आला तो त्यांच्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल. तो गंजीत नव्हता. इथे तेरा वर्षे राहिला, मराठी शिकला, बायबलाच्या मराठी भाषांतरात खपला. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकला पटकीची साथ होती. जवळची बहुतेक औषधे त्याने तिथल्या रोग्यांना वाटून टाकली आणि परतीची वाट धरली. वाटेत रात्री एका देवळाच्या ओसरीवर त्याने पथारी पसरली. पहाटे त्यालाच पटकी झाली. वय अवघे एकेचाळीस. बरोबरच्या दोन पोरांनी त्याला तिथेच मूठमाती दिली.