कर्कश कंठाचा गवई

आमचा नातू आपल्या खोलींत जें संगीत लावितो त्यास हेवी मेटल असें म्हणतात. प्रथम तें कानीं पडलें तेव्हां आम्हीं दार ओढून घेतलें, हें वाचकांपासून लपविण्याचें कारण नाहीं. मनुष्य गातो आहे कीं घशांत वाळू घालून खाकरतो आहे, याचा निर्णय होईना. पण एके संध्याकाळीं नातवानें त्या गवयाची हकीकत सांगितली, आणि ती मनांतून जाईना.

त्याचें नांव इयन किल्मिस्टर. जग त्यास लेमी म्हणून ओळखतें. जन्म इंग्लंडांत स्टोक-ऑन-ट्रेंट येथें, २४ डिसेंबर १९४५ रोजीं. तो तीन महिन्यांचा असतांच बाप घर सोडून गेला. आणि बाप कोण, तर विमानदलांतील माजी धर्मोपदेशक! १९६७ सालीं जिमी हेंड्रिक्स या प्रख्यात गिटारवादकाचें सामान तो वाहात होता. पुढें हॉकविंड नामक संचांत शिरला तेव्हां बेस गिटारीचा त्यास सराव नव्हता. चार जाड तारांचें हें खर्जाचें वाद्य. बहुधा एकेक स्वर देऊन इतरांस आधार देणें हें त्याचें काम. लेमी साध्या गिटारीवर वाढलेला. त्यानें अनेक तारा एकदम झोडण्यास आरंभ केला. आमच्यासारख्या गुरूच्या हातीं सांपडता तर छडीच बसती. त्याच्या बाबतींत तीच शैली ठरली.

१९७२ सालीं 'सिल्व्हर मशीन' हें गाणें त्याच्या आवाजांत निघून ब्रिटनमध्यें तिसऱ्या क्रमांकास पोंचलें. १९७५ सालीं कॅनडाच्या सीमेवर मादक द्रव्यांपायीं त्यास अटक झाली, व सोबत्यांनीं काढून टाकलें. त्याच्या व्यसनांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु ज्यांनीं हाकलिलें त्यांच्यासाठीं शेवटीं रचलेल्या गाण्याचेंच नांव, मोटरहेड, त्यानें त्याच वर्षीं आपल्या नव्या संचास दिलें. यास अंगीं पाणी असावें लागतें. १९८१ सालीं त्यांची मैफलींत मुद्रित केलेली ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्यें पहिली आली. संच चाळीस वर्षें चालला. लेमी ध्वनिक्षेपक उंच लावी व मान वर करून, जणूं आकाशास सुनावीत आहे, असा गाई. शेवटची मैफल बर्लिन येथें ११ डिसेंबर २०१५ रोजीं झाली; २८ रोजीं लॉस एंजेलिस येथें तो वारला.

आतां आमची गोष्ट. शाळेच्या एका संमेलनांत गीतापठण होतें. त्यांत एक मुलगा होता. उच्चार साऱ्यांहून शुद्ध, परंतु कंठ फुटक्या घागरीसारखा. पाणिनीय शिक्षेंत सहा अधम पाठक सांगितले आहेत: घाई करणारा, मान हालविणारा, अर्थ न जाणणारा, आणखी तिघे. हा त्यांपैकीं कोणीच नव्हता. काकस्वर हा दोष तेथें पुढें येतो, आणि आम्हीं तेवढाच पाहिला. "तूं मागल्या ओळींत उभा राहा, नुसते ओठ हालव," असें त्यास सांगितलें. "बरें, सर," एवढेंच तो म्हणाला. त्यानंतर वर्गांतहि त्यानें आपण होऊन कधीं हात वर केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

परवां संमेलनाचें जुनें छायाचित्र कपाटांतून काढून पाहिलें. मागल्या ओळींत तो उभा आहे. सर्वांचीं तोंडें उघडीं आहेत, त्याचेंहि.